मागच्या चाकाचा चिमटा

ज्या घरी मोटारसायकल आहे, त्या घरातील मंडळी आपल्या वाहनाविषयी काय काय जाणतात हे एकदा विचारून पाहावे. एका लिटरमध्ये ती किती किलोमीटर धावते, हे शाळेत जाणारा मुलगाही सांगेल. तेल केव्हा बदलावे, टायरमध्ये हवा किती असावी, याचीही उत्तरे बहुधा मिळतील. परंतु मागचे चाक गाडीच्या मुख्य चौकटीला कशाच्या आधाराने जोडलेले आहे, असा प्रश्न टाकल्यास पुष्कळ जण क्षणभर थांबतील आणि मग शॉक ॲबसॉर्बरकडे बोट दाखवतील. हे उत्तर बरोबर नाही. शॉक ॲबसॉर्बर धक्का सोसतो. चाक जागच्या जागी धरून ठेवणे हे त्याचे काम नव्हे. ते काम करतो चाकाला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा एक पोलादी भाग. कंपन्यांच्या पुस्तकांत त्याला स्विंग आर्म असे नाव आहे आणि उत्तर भारतातील गॅरेजांत त्यालाच चिमटा म्हणतात. शब्दकोशाच्या रीतीने त्याला 'दोलनभुजा' असे भारदस्त नाव देता येईल. परंतु तो शब्द घेऊन आपण सुट्या भागांच्या दुकानात गेलात तर रिकाम्या हातानेच परत याल. म्हणून या लेखात आम्ही गॅरेजातलेच शब्द पत्करले आहेत.

या चिमट्याची रचना दाराच्या बिजागरीसारखी आहे. इंजिनाच्या मागे, चौकटीत एक लांब आडवा बोल्ट असतो. चिमट्याचे पुढचे टोक त्या बोल्टावर बसवलेले असते, मागच्या दोन टोकांत चाकाचा ॲक्सल असतो आणि मधल्या किंवा मागच्या भागावर शॉक ॲबसॉर्बर टेकलेले असतात. रस्त्यावर खड्डा आला की चाक खाली जाते, खड्डा सरला की वर उचलले जाते. या बिजागरीने चाकास वर-खाली जाण्याची पूर्ण मोकळीक द्यावी, परंतु डावीकडे-उजवीकडे केसभरही हलू देऊ नये, अशी तिच्याकडून अपेक्षा असते. ही अपेक्षा जे भाग पुरी करतात ते आकाराने अगदी लहान असतात. बोल्टाभोवती बसवलेली दोन बुशे अथवा बेअरिंगे, त्यांच्या आतील नळी, बाजूचे वायसर आणि धूळ रोखणारी सीले, एवढाच तो परिवार. मुठीत मावेल इतक्या या सामग्रीवर मागच्या चाकाची दिशा अवलंबून असते.

थोडे गणित मांडून पाहू. समजा, दोन बुशांमधील अंतर २० सेंटिमीटर आहे आणि मागचा ॲक्सल तेथून ५० सेंटिमीटर दूर आहे. बुशे झिजल्यामुळे बिजागरीपाशी अर्धा मिलिमीटर तिरकी ढिलाई आली, तर तीच ढिलाई ॲक्सलपाशी अडीचपट होते, म्हणजे सव्वा मिलिमीटर. टायरची मागची कड त्याहून आणखी ३० सेंटिमीटर दूर धरली, तर तेथे ती चौपट, दोन मिलिमीटर झालेली असते. आकडा लहान वाटेल. परंतु हँडल पुढच्या चाकाला वळवते त्याप्रमाणे आता मागचे चाकही आपल्या मर्जीने थोडे थोडे वळू लागलेले आहे, असा याचा अर्थ आहे. वळणावर गाडी एकदम 'सुटल्यासारखी' वाटणे, वेग वाढला की मागचा भाग माशाच्या शेपटीसारखा वळवळणे, ब्रेक लावताच खालून 'टक्' असा आवाज येणे, ही त्याची लक्षणे होत.

आणि या चिमट्यावर कोण बसलेले असते, याचाही विचार करावा. चालकाचे वजन दोन्ही चाकांत वाटले जाते, परंतु मागे बसणाऱ्याचे वजन जवळजवळ सरळ मागच्या चाकावर येते. आपल्याकडे मागे बसणारी व्यक्ती बहुधा पत्नी, आई किंवा शाळेत जाणारे मूल असते. चालकाखेरीज एकाच व्यक्तीस बसवण्याची परवानगी कायदा देतो. प्रत्यक्षात काय दिसते ते वाचकांना ठाऊकच आहे. पहाटे गावातून शहराकडे निघालेल्या दूधवाल्याच्या गाडीला मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांस भरलेले कॅन लटकलेले असतात. अशा गाड्यांची बुशे इतरांच्या मानाने लवकर जातात, यात आश्चर्य नाही. गाडीच्या हँडलाशी ज्याचा हात असतो त्याला बिघाडाची चाहूल तरी लागते. मागे बसलेल्यास तीही सोय नाही.

मोटारसायकलला असा हलता चिमटा आरंभापासून नव्हता. पहिल्या काही दशकांतील बहुसंख्य गाड्यांत मागचे चाक सायकलप्रमाणेच चौकटीस घट्ट जखडलेले असे आणि धक्के पेलण्याचे काम बैठकीखालच्या स्प्रिंगांवर सोपवलेले असे. शर्यतींतील लोकांना मागील स्प्रिंगांविषयी दाट संशय होता. चौकट ढिली झाली तर गाडी वळणावर टिकणार नाही, असे त्यांचे म्हणणे असे. १९३५ साली आइल ऑफ मॅन बेटावरील शर्यतीत स्टॅन्ली वुड्स या स्वाराने मागे स्प्रिंग असलेली मोटो गुझ्झी चालवून वरिष्ठ गटाचे अजिंक्यपद मिळवले, तेव्हा तो संशय पुष्कळसा मावळला. पुढे १९४९ साली विक्रीस आलेल्या रॉयल एनफील्ड बुलेटमध्ये झुलता चिमटा आणि तेलाने भरलेले शॉक ॲबसॉर्बर ही जोडी होती. हीच बुलेट आपल्या सैन्याने पसंत केली आणि १९५५ साली मद्रास येथे तिच्या निर्मितीसाठी एनफील्ड इंडिया कंपनी स्थापन झाली. म्हणजे भारतात तयार झालेल्या पहिल्यावहिल्या मोटारसायकलींतच हा चिमटा होता आणि त्याची बुशे बदलण्याचा प्रश्नही तितकाच जुना आहे. त्या जुन्या संशयात एक सत्य मात्र होते. झुलता चिमटा चांगला, तो केवळ बिजागरी घट्ट असेपर्यंतच.

आता भाग बदलण्याची वेळ आली आहे की नाही हे कसे ओळखावे? गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी, म्हणजे मागचे चाक अधांतरी राहील. एकाने हँडल धरून गाडी स्थिर ठेवावी. दुसऱ्याने गाडीच्या मागे बसून चिमट्याची दोन टोके ॲक्सलजवळ दोन हातांनी धरावीत आणि डावीकडे-उजवीकडे जोराने ढकलून पाहावीत. टोके हलली आणि हाताला ठोका जाणवला, तर दोष बिजागरीत आहे. त्यानंतर चिमटा सोडून टायर वर आणि खाली धरून तसेच करावे. चिमटा स्थिर आणि टायर मात्र डुलतो असे आढळल्यास चाकाचे बेअरिंग गेलेले आहे. चिमट्याच्या बुशांवर पैसे खर्चू नयेत. हा भेद आवर्जून सांगण्याचे कारण असे की, लक्षणे दोहोंची सारखीच असतात आणि घाईच्या गॅरेजात एकाच्या ठिकाणी दुसरे बदलले जाते. तसेच रबरी बुशांत किंचित लवचिक हालचाल स्वाभाविक असते. दाबल्यावर लवून परत येणे निराळे आणि मोकळेपणाने खुळखुळणे निराळे.

दोष बिजागरीतच आहे असे ठरले की पुढचा प्रश्न येतो तो तिच्या प्रकाराचा. येथे तीन घराणी आहेत आणि आपली गाडी कोणत्या घराण्यातील आहे हे न जाणता बाजारात जाणे व्यर्थ होय.

पहिले घराणे रबरी बुशांचे. आपल्याकडील १०० ते १२५ सीसीच्या घरगुती गाड्यांत बहुधा हीच असतात. बाहेर एक पोलादी कवच, आत एक पोलादी नळी, आणि दोहोंच्या मध्ये दोन्हींस चिकटवलेले रबर, अशी त्यांची घडण असते. मधला बोल्ट आवळला की आतील नळी चौकटीत पक्की जखडली जाते. ती फिरत नाही. चिमटा वर-खाली होतो तेव्हा प्रत्यक्षात मधले रबर पीळ खाते व पुन्हा उलगडते. घासण्याचा प्रश्नच नसल्यामुळे या बुशास वंगण लागत नाही. किंबहुना खनिज तेलाचे ग्रीस लावल्यास नैसर्गिक रबर फुगते व सैल होते. 'नवीन बुश आहे, थोडे ग्रीस मारून देतो' असे कोणी प्रेमाने म्हणाल्यास त्याला प्रेमानेच थांबवावे. ग्रीसचा पातळ थर द्यायचा तो बोल्टाच्या दांड्यास, तो नळीत गंजून अडकू नये म्हणून. कोकण, गोवा, कोची, चेन्नई अशा खाऱ्या वाऱ्याच्या प्रदेशांत या थराचे महत्त्व, गंजलेला बोल्ट ठोकून काढताना अर्धा दिवस गेला म्हणजे पटते.

दुसरे घराणे धातूच्या अथवा प्लॅस्टिकच्या साध्या बुशांचे. ब्रिटिश बनावटीच्या जुन्या ट्रायम्फ गाड्यांत काशाची बुशे असत. होंडाच्या सत्तरीच्या दशकातील काही गाड्यांत ती प्लॅस्टिकची होती आणि कित्येक मालकांनी ती काढून काशाची बसवली. येथे पोलादी नळी बुशाच्या आत खरोखरच घासत फिरते, म्हणून वंगण हेच त्याचे आयुष्य. चिमट्याला ग्रीस भरण्याचे लहानसे बोंड दिसले तर गाडी या किंवा पुढच्या घराण्यातील आहे असे समजावे.

तिसरे घराणे सुईसारख्या बारीक रुळांच्या, म्हणजे नीडल बेअरिंगांचे. जास्त शक्तीच्या आणि एकच शॉक असलेल्या पुष्कळ गाड्यांत ती आढळतात. यांच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्यावी. चाकाचे बेअरिंग गरगर फिरते, त्यामुळे त्याची झीज सर्वत्र सारखी वाटली जाते. चिमट्याचे बेअरिंग मात्र कधीच पूर्ण फेरा घेत नाही. ते जन्मभर थोड्याशा अंशांतच मागे-पुढे होत राहते. साहजिकच प्रत्येक सुई आतील नळीच्या त्याच त्या रेघेवर दाब देते आणि कालांतराने नळीवर बारीक खाचा पडतात. नळी पुसून तिच्यावरून नख फिरवावे. नख अडखळले तर नळी बाद. नवे बेअरिंग आणि जुनी खाच पडलेली नळी ही जोडी बसवणे म्हणजे नवा टायर वाकड्या रिमवर चढवण्यासारखे आहे. बेअरिंग, नळी व सीले एकत्रच घ्यावीत. चिमट्याची बाजूची ढिलाई वायसरांनी किंवा पातळ चकत्यांनी नेमकी केलेली असते. त्या कोणत्या बाजूच्या कोठे होत्या हे उघडतानाच टिपून ठेवावे.

घराणे कळले. आता नेमका भाग. येथेच बहुतेक गिऱ्हाइके फसतात, कारण ती गाडीच्या नावाने भाग मागतात. नाव ही फार अपुरी ओळख आहे. 'स्प्लेंडर' हे नाव १९९४ पासून चालत आलेले आहे. तीस वर्षांत त्या नावाखाली कितीतरी फेरफार झाले, आणि सुपर स्प्लेंडर तर १२५ सीसीची निराळीच गाडी आहे. बुलेटची गोष्ट अधिक बोलकी. २००९ साली रॉयल एनफील्डने क्लासिक ३५० नव्या घडणीच्या इंजिनासह आणली, २०२१ साली त्याच क्लासिकची चौकट व इंजिन पुन्हा मुळापासून बदलले, आणि २०२३ साली बुलेट ३५० देखील त्या नव्या चौकटीवर आली. अंगणात शेजारी शेजारी उभ्या केल्या तर या गाड्या बहिणी वाटतात. परंतु एकीचा चिमटा दुसरीला लागेल असे गृहीत धरणे चुकीचे होईल. दुकानदार 'घेऊन जा, बसेल' असे म्हणतो तेव्हा तो खोटे बोलतो असे नाही. त्याच्या दृष्टीने बोल्ट आत शिरला की भाग बसला. बोल्टाभोवती किती जागा उरली, हे मात्र रस्त्यावर कळते आणि तेथे दुकानदार नसतो.

नावाऐवजी चासी क्रमांक घेऊन जावे. तो नोंदणीपत्रात छापलेला असतो व बहुतेक गाड्यांत हँडलाखाली, चौकटीच्या मानेवर कोरलेलाही असतो. आधुनिक गाड्यांत तो १७ अक्षरांचा व अंकांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ व क्यू ही अक्षरे कधीच नसतात, कारण एक व शून्य या अंकांशी त्यांची गल्लत होते; म्हणून कागदावर उतरवताना गोल दिसेल ते शून्यच समजावे. आरंभीची तीन अक्षरे निर्माता सांगतात आणि पुष्कळ कंपन्यांच्या क्रमांकात दहावे अक्षर वर्ष दर्शवते. अधिकृत विक्रेत्याकडे या क्रमांकावरून आपल्या गाडीची सचित्र यादी उघडते. तीत चिमट्याचा प्रत्येक लहान-मोठा भाग सुटा सुटा काढून दाखवलेला असतो आणि प्रत्येकापुढे त्याचा भाग क्रमांक असतो. ते चित्र स्वतः पाहण्याचा आग्रह धरावा. चित्रात जे वायसर आहे आणि आपल्या गाडीत जे नाही, ते मागच्या दुरुस्तीत कोणीतरी गाळलेले असते.

भाग क्रमांक वाचणे अवघड नाही. होंडाच्या पद्धतीत, आणि १९८४ साली सुरू झालेल्या जुन्या भागीदारीमुळे हीरोच्या पद्धतीतही, पहिले पाच अंक भागाचे काम सांगतात. ५२१०० म्हणजे चिमटा, ५२१०१ म्हणजे त्याचा मधला बोल्ट, ५२१७० म्हणजे त्यावरील साखळीची पट्टी. त्यापुढील तीन चिन्हे तो भाग कोणत्या गाडीसाठी प्रथम आखला गेला ते सांगतात आणि शेवटची चिन्हे सुधारणा वा रंग दर्शवतात. तेव्हा दोन खोक्यांवर पहिले पाच अंक सारखे असले म्हणजे भाग एकच, असे समजू नये. ते केवळ एकाच कामाचे आहेत एवढेच. उलट मधली चिन्हे दुसऱ्याच गाडीची असूनही भाग आपलाच असू शकतो, कारण कंपनी एकच भाग अनेक गाड्यांना वापरते. निर्णय यादीने द्यावा, अंदाजाने नव्हे. जुना क्रमांक बंद होऊन त्याच्या जागी नवा आलेला असतो, तोही यादीतच कळतो.

गाडी जुनी असेल, यादी मिळत नसेल, तर मोजमाप हाच आधार. व्हर्निअर कॅलिपर आता फार महाग राहिलेला नाही. तो नसेल तर लेथवाल्याकडे असतोच. बुशाचा बाहेरचा व्यास, आतील नळीचा व्यास, कवचाची लांबी आणि नळीची लांबी ही चार मापे घ्यावीत. शेवटची दोन निरनिराळी असतात व तेच पुष्कळदा विसरले जाते. नळी कवचाहून थोडी लांब असते, म्हणूनच चौकट नळीवर आवळली जाते व चिमटा मोकळा राहतो. नीडल बेअरिंगवर तर माप लिहिलेलेच असते. उदाहरणार्थ, एचके २०२० या क्रमांकातील पहिले २० म्हणजे दांड्याचा व्यास व दुसरे २० म्हणजे लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये; बाहेरचा व्यास २६. असा क्रमांक वाचता आला तर नामांकित बेअरिंग कंपनीचा तोच भाग बेअरिंगच्या दुकानातही मिळतो. त्यासाठी मोटारसायकलच्या दुकानाचे नाव लागत नाही.

बोल्टाविषयी मात्र कोणतीही तडजोड करू नये. मधला बोल्ट हा दिसायला लोखंडाची साधी कांब असली तरी तो उच्च प्रतीच्या पोलादाचा असतो. तो गंजला किंवा हरवला म्हणजे लेथवर तशीच कांब कातून द्यायला गावोगावी कारागीर तयार असतात, आणि त्यांच्या हाताच्या कौशल्याविषयी आम्हास आदरच आहे. परंतु साध्या लोखंडाला कातकामाने बळ येत नाही. सामान्य बोल्टांच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतात. पहिल्या आकड्यास शंभराने गुणले असता दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन ताण तो तुटण्यापूर्वी सोसेल हे मिळते. चकचकीत स्टेनलेस स्टीलचा बोल्ट हल्ली हौसेने बसवतात. त्याच्या डोक्यावर ए२-७० असे असल्यास तो सुमारे ७०० चा, म्हणजे ८.८ हूनही कमी ताकदीचा आहे. तो नंबरप्लेटला शोभेल. नायलॉनचे कडे असलेला नट एकदा काढला की त्याची पकड कमी होते. तो नवाच घ्यावा.

चिमट्याबरोबर दोन उपेक्षित भाग पाहून घ्यावेत. एक म्हणजे साखळीखालची रबरी वा नायलॉनची पट्टी. ही झिजून संपली की धावती साखळी सरळ पोलाद कापू लागते, आणि काही रुपयांच्या पट्टीपायी संपूर्ण चिमटा बदलावा लागतो. दुसरा भाग अधिक गंभीर. ड्रम ब्रेकच्या गाडीत ब्रेकची ताटली चाकाबरोबर फिरू नये म्हणून एक लोखंडी पट्टी तिला चिमट्याशी बांधून ठेवते. तिच्या टोकाचा बोल्ट गळून पडला तर ब्रेक दाबताच ताटली फिरते आणि चाक एकाएकी जाम होऊ शकते. त्या बोल्टाची दुपाखी पिन प्रत्येक वेळी नवी घालावी. जुनीच सरळ करून पुन्हा वाकवण्याची आपल्याकडील सवय काटकसर म्हणून समजण्यासारखी आहे, परंतु दोनदा वाकलेली तार तिसऱ्यांदा तुटते.

संपूर्ण चिमटाच बदलायचा असेल, म्हणजे तो अपघातात वाकला असेल अथवा सांध्याशी चिरला असेल, तर नव्याची किंमत ऐकून मन जुन्या बाजाराकडे वळते. चेन्नईचे पुदुपेट्टै, कोलकात्याचा मल्लिक बाजार यांसारख्या ठिकाणी जुन्या सुट्या भागांचे मोठे व्यवहार चालतात. तेथे चांगला मालही मिळतो, हे नाकारण्याचे कारण नाही. फक्त एक परीक्षा करून घ्यावी. चिमट्याच्या पुढील भोकांतून एक सरळ कांब आरपार घालावी, मागच्या खाचांत दुसरी ठेवावी, आणि एका टोकाकडून एक डोळा मिटून दोन्ही कांबी एका रेषेत धरून पाहाव्यात. त्या समांतर नसतील तर चिमट्याला पीळ आहे. नंतर शॉकच्या बैठकीजवळचे आणि पुढच्या नळीजवळचे जोड घासलेटाने स्वच्छ करून पाहावेत. रंगावरची बारीक रेघ बहुधा रंगाखालच्या चिरेची असते. नुकताच काळा रंग दिलेला चिमटा संशयास पात्र होय. पोलादी चिमटा जाणकाराने सरळ केला तर एक वेळ चालेल. ॲल्युमिनियमचा तापवून सरळ केला की त्याचे मूळ बळ परत येत नाही, तो घेऊच नये.

लांब किंवा रुंद चिमटा बसवून गाडीला परदेशी रूप देण्याची तरुणांत आवड आहे. चिमटा लांबला की दोन चाकांतील अंतर वाढते, गाडी वळणास जड होते आणि साखळी कमी पडते. शिवाय हे अंतर नोंदणीपत्रात लिहिलेले असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ही गोष्ट स्पष्ट केलेली आहे. अपघातानंतर विमा मागताना हा मुद्दा निघाला तर आवडीची किंमत घरातील सर्वांना मोजावी लागेल.

नवा भाग घेताना खोके पाहावे. २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे त्यावर निर्मात्याचे नाव व पत्ता, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो. बनावट मालात यातले काहीतरी बहुधा राहून जाते, किंवा अक्षरे अडाणी असतात. रबरी बुशाच्या बाबतीत तारीख विशेष महत्त्वाची, कारण रबर वापराविनाही कठीण होते. पाच-सात वर्षे फळीवर पडलेले 'अस्सल' बुश खरोखर अस्सल असूनही घेण्याजोगे नसते. पावतीवर भाग क्रमांक लिहून मागावा. सदोष भागाने हानी झाली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात निर्माता व विक्रेता यांची जबाबदारी सांगितलेली आहे, परंतु ती पावतीशिवाय कोणावर टाकणार? राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा १९१५ हा दूरध्वनी क्रमांकही लिहून ठेवण्यासारखा आहे. एवढा खटाटोप ज्यासाठी करायचा ती रबरी बुशांची जोडी, पेट्रोलने भरलेल्या एका टाकीहून पुष्कळ कमी पैशांत येते.

बसवण्याचे काम जाणत्याकडूनच करून घ्यावे, तथापि तो काम करीत असताना दोन-तीन गोष्टींकडे लक्ष असू द्यावे. जुने रबर गॅसच्या ज्योतीने जाळून काढण्याचा प्रघात आहे. त्याने धूर होतो व चिमट्याचा रंग जातो, म्हणून दाबयंत्र असलेले गॅरेज शोधावे. नवे बुश आत दाबताना जोर बाहेरच्या कवचावर यावा. मधल्या नळीवर हातोडी बसली तर रबर पहिल्याच दिवशी सुटते. नीडल बेअरिंग क्रमांक कोरलेल्या बाजूने दाबतात. आणि रबरी बुशांचा मधला नट शेवटचा आवळायचा तो गाडी स्टँडवर अधांतरी असताना नव्हे, तर चाकांवर उभी करून, तिच्यावर माणूस बसलेला असताना. अधांतरी चिमटा खाली लोंबलेला असतो. त्या अवस्थेत नळी जखडली तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो, आणि मग तीन वर्षांचे बुश एका वर्षात फाटले म्हणजे दोष कंपनीला दिला जातो. किती जोराने आवळायचे याचा आकडा गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात असतो. टॉर्क पाना नसलेल्या गॅरेजात हे काम देऊ नये.

शेवटी चाकांची रेषा. चिमट्याच्या दोन्ही टोकांवर साखळी ताणण्याच्या खुणा असतात, त्या डावी-उजवीकडे सारख्या ठेवाव्यात. खुणांवर पूर्ण विश्वास नसेल तर लांब सुतळी मागच्या टायरच्या दोन्ही अंगांस टेकवून पुढे ताणावी आणि पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंस उरलेली फट सारखी आहे का ते पाहावे. दोन-तीनशे किलोमीटरनंतर मधला नट व ब्रेकच्या पट्टीचा बोल्ट पुन्हा तपासावा. भाग क्रमांक, तारीख आणि किलोमीटरचा आकडा सर्व्हिस पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवावा. वाकलेला जुना चिमटा भंगारवाल्यास देण्यापूर्वी करवतीने मधोमध कापून दोन तुकडे करून द्यावा. नाही तर काळा रंग अंगावर घेऊन तो पुन्हा कोणाच्या तरी मागच्या चाकाला लागायचा.